गंजलेला ब्रेक आणि रंगाची मर्यादा

मोटारीच्या चाकाआड काय असते, हे पूर्वी तिच्या मालकाला सहसा दिसत नसे. पोलादी पत्र्याचे चाक, त्यावर चकचकीत झाकण आणि आत ब्रेकचा बंद ढोल, अशी सारी रचना झाकपाक असे. आता चाके मिश्रधातूची झाली आणि त्यांना पाचसहा पाकळ्या आल्या. त्या पाकळ्यांच्या फटींतून आतली तबकडी आणि तिला कवटाळून बसलेला कॅलिपर रस्त्याने पायी जाणाऱ्यालाही दिसतो. बंगळूरसारख्या शहरात मोटार तीनचार वर्षांची होते न होते तोच हा कॅलिपर तांबूस, मग तपकिरी दिसू लागतो. वरचे अंग नव्यासारखे चकाकते आणि चाकाआडून गंज डोकावतो. मग एखाद्या रविवारी तो रंगवून काढावा असे मालकाच्या मनात येते.

हे काम घरी करता येते, यात शंका नाही. त्याला फार पैसा लागत नाही आणि विशेष हातोटीही लागत नाही. परंतु खिडकीचा गज रंगवणे आणि कॅलिपर रंगवणे यांत एक मोठा फरक आहे. गजावरचा रंग चुकला तर गज वाईट दिसतो, एवढेच. कॅलिपरवर रंग नको तेथे गेला, किंवा जे दुरुस्त करायला हवे होते ते रंगाखाली झाकले गेले, तर त्याचा जाब एखाद्या उतारावर किंवा भर रहदारीच्या चौकात द्यावा लागतो. म्हणून गंज म्हणजे काय, तो कोठे निरुपद्रवी असतो, कोठे घातक ठरतो आणि रंग त्याचे नेमके काय करू शकतो, एवढे समजून घेऊनच कुंचला हाती धरावा.

प्रथम या साधनाची ओळख करून घेतली पाहिजे. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, अशी ही जोडी आहे. चिमट्याच्या दोन ओठांत घर्षक द्रव्याच्या दोन वड्या बसवलेल्या असतात. त्यांना ब्रेकपॅड म्हणतात. चालकाने पायाने पट्टी दाबली की तिच्यामागची दट्ट्या तेलावर दाब देते, तो दाब नळ्यांतून चाकापर्यंत जातो आणि कॅलिपरमधला मोठा दट्ट्या पॅडला तबकडीवर रेटतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा सतराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा नियम येथे रोज राबत असतो. उदाहरणार्थ, पायाकडच्या दट्ट्याचे क्षेत्र ३ चौरस सेंटीमीटर आणि कॅलिपरमधल्या दट्ट्याचे २० चौरस सेंटीमीटर असेल, तर चाकापाशी मिळणारा जोर जवळजवळ सातपट होतो.

या युक्तीचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने तबकडीच्या ब्रेकचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण त्याची खरी कीर्ती झाली ती १९५३ साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. त्या वर्षी तबकडीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने ती शर्यत जिंकली. वारंवार ब्रेक दाबूनही तबकडी ढोलापेक्षा लवकर थंड होते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. थंड होण्याचे कारण सोपे आहे: ती उघडी असते. आणि गंज चढण्याचे कारणही तेच आहे: ती उघडी असते. वाऱ्याचा लाभ हवा असेल तर पावसाचा त्रासही सोसावा लागतो.

साध्या मोटारींचे कॅलिपर बहुधा बिडाचे असतात. कोल्हापूर आणि बेळगाव या भागांत ज्या ओतशाळा आहेत, त्यांत मोटारींच्या भागांसाठी बिडाचे ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे मराठी माणसाला ‘बीड’ हा शब्द आणि ही वस्तू दोन्ही परकी नाहीत. जुने बीड ठिसूळ असे. आता वितळलेल्या रसात किंचित मॅग्नेशियम घालून त्याला चिवटपणा आणतात, आणि असे चिवट बीडच कॅलिपरसाठी वापरतात. महागड्या मोटारींत ॲल्युमिनियमचे कॅलिपरही असतात. या दोन धातूंच्या स्वभावांतला फरक लक्षात घेतला म्हणजे गंजाचे मर्म कळते.

ॲल्युमिनियमलाही हवेतला प्राणवायू चिकटतो. पण त्यातून निर्माण होणारे पटल इतके घट्ट आणि सलग असते की ते खालच्या धातूचे चिलखत बनते. लोखंडाचे तसे नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की जो गंज होतो तो सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. तो खालच्या धातूला झाकत नाही. उलट स्पंजासारखा ओलावा धरून ठेवतो आणि आपलेच क्षेत्र वाढवत जातो. शिवाय ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दुपटीहून अधिक, कधी कधी कितीतरी पट, जागा तो व्यापतो. रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात ते यामुळेच. वरून दिलेला रंग कितीही चांगला असला तरी खाली जिवंत गंज उरला असेल, तर तो रंगाला आतून ढकलत राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारात खरी असेल. गंजाच्या बाबतीत मात्र झाकलेली मूठ दरवर्षी रिकामी होत जाते.

बंगळूर हे समुद्रापासून दूर आणि सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले शहर आहे. कोकणात किंवा मुंबईत हवेतले मीठ पाण्यात विरघळते आणि ते पाणी विजेचे चांगले वाहक बनून गंजण्याची क्रिया वेगाने घडवते. तो त्रास बंगळूरला नाही. तरीही येथे गंज चढतो, कारण येथला ओलावा वर्षाच्या अनेक महिन्यांत विखुरलेला आहे. वर्षाकाठी पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पडतो. पण मे महिन्यातल्या वळवापासून तो सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याचा जोर असतो आणि नोव्हेंबरातही ईशान्येकडचा वारा काही सरी आणतो. त्यानंतर थंडीतल्या पहाटे दव पडते. भर घातली जाते ती तळघरातल्या वाहनतळांची. तेथे ओली मोटार रात्रभर उभी राहते आणि तिला ना ऊन मिळते ना वारा. लोखंडाला गंजायला मुसळधार पावसाची गरज नसते. न वाळलेला ओलसर थर त्याला पुरेसा होतो.

याला जोड मिळाली आहे ती मोटार उभी राहण्याची. २०२० सालच्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा लाखो मोटारी आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. पुढे त्या काढल्या तेव्हा तबकड्यांवर तांबडा थर आणि चाकांतून खरखर, हा अनुभव पुष्कळांना आला. आता बंगळूरच्या रस्त्यांवर विजेच्या मोटारी वाढल्या आहेत. त्या वेग कमी करताना मोटरलाच जनित्र बनवून वीज परत मिळवतात. म्हणून त्यांचे घर्षणाचे ब्रेक कमी वापरले जातात. पॅड जास्त काळ टिकतात हा त्यातला लाभ, आणि कमी वापरामुळे तबकडी व कॅलिपर गंजतात हा त्यातला तोटा. लोखंडी अवजार कोनाड्यात पडून राहिले की गंजते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नांगराचा फाळ चालता असतो तोवर लखलखतो. ब्रेकलाही तोच न्याय लागू आहे.

येथे सर्वांत महत्त्वाचा भेद करावयाचा आहे. कॅलिपरवरचा सगळा गंज सारख्या योग्यतेचा नसतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर जो तांबूस थर दिसतो तो बहुतेक वेळा केवळ दिसण्याचा दोष असतो. बिडाची जाडी इतकी असते की अशा वरवरच्या गंजाने त्याच्या बळात फरक पडत नाही. तबकडीच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर पावसानंतर एका रात्रीत चढणारा पातळ गंजही चारदोन वेळा ब्रेक दाबताच पुसला जातो. पण तीन जागी गंज घातक ठरतो. पहिली जागा दट्ट्याची: त्यावर चढलेला रबरी टोप फाटला आणि आत पाणी शिरले तर दट्ट्या खरबरीत होऊन अडकतो. दुसरी जागा सरकखिळ्यांची: लहान मोटारींत कॅलिपर दोन गुळगुळीत खिळ्यांवर मागेपुढे सरकतो, ते गंजले की तो एका बाजूला अडून राहतो. तिसरी जागा पॅडचे कान ज्या खाचांत सरकतात त्या खाचांची. या जागी गंज असला की पॅड सुटत नाही, सतत घासत राहतो, चाक तापते आणि मोटार एका बाजूला ओढू लागते.

विचित्र गोष्ट अशी की डोळ्याला खुपतो तो पहिल्या प्रकारचा गंज आणि जिवाला घातक असतो तो दुसऱ्या प्रकारचा, आणि रंगाचा उपाय चालतो तो केवळ पहिल्यावर. सरकत्या भागाला रंग दिला तर तो मोकळा होत नाही, अधिकच अडकतो. म्हणून कॅलिपर रंगवण्याचा खरा फायदा रंगात नाही. त्या निमित्ताने मालक चाक काढतो आणि एरवी न दिसणारे भाग पाहतो, यात आहे. एका पॅडपेक्षा दुसरा पॅड फार झिजला आहे काय, दट्ट्यावरचा रबरी टोप अखंड आहे काय, कोठे तेल पाझरले आहे काय, रबरी नळीला भेगा आहेत काय, एवढे प्रथम पाहावे. यांपैकी एकही दोष आढळला तर रंगाचा डबा बाजूला ठेवून आधी जाणत्या मिस्त्रीकडे जावे.

सर्व काही ठीक असेल तर मग कामाला लागावे. बंगळूरमध्ये याला उत्तम काळ जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंतचा. हवा कोरडी असते आणि ऊन भरपूर असते. सकाळचे दव उडून गेल्यावर, दहाच्या सुमारास आरंभ करावा आणि दुपार कलायच्या आत रंगाचा हात उरकावा. ज्या तापमानाला दव पडते त्याहून लोखंड निदान तीन अंशांनी उबदार असावे, असा रंगकामातला संकेत आहे. गार लोखंडावर न दिसणारा ओलावा बसतो आणि रंग त्या ओलाव्याला चिकटतो, लोखंडाला चिकटत नाही. मोटार नुकतीच चालवून आणलेली असेल तर मात्र ब्रेक पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

मोटार सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी. जे चाक काढायचे त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावावेत. नट जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत आणि मग उत्पादकाने दाखवलेल्या जागीच जॅक लावून मोटार उचलावी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. म्हणून मोटारीखाली भक्कम लोखंडी तिवई, जिला गॅरेजात जॅक-स्टँड म्हणतात, ती ठेवून तिच्यावर भार उतरवावा. ती नसेल तर हे काम त्या दिवशी करूच नये. एका वेळी एकच चाक काढावे. कॅलिपर जागच्या जागी राहू देऊनच रंगवावा, हे घरच्या कामाला सर्वांत सुरक्षित. तो उतरवावाच लागला तर रबरी नळीला कधीही लोंबकळू देऊ नये. तारेने वर टांगून ठेवावा. चाकाचा वेग मोजणारी ए.बी.एस.ची बारीक तार जवळूनच जाते, तिलाही ताण पडू देऊ नये. मागच्या चाकाच्या कॅलिपरला हाताच्या ब्रेकची विद्युत मोटर जोडलेली असेल, तर त्याच्या वाटेला न जाणे बरे.

आता सफाई, आणि या कामाचा तीनचतुर्थांश भाग सफाईच आहे. पॅडची काळी भुकटी तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. पूर्वी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस घालत असत आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. आजची भुकटीही श्वासावाटे आत जाण्याजोगी नव्हे. तोंडाला मुखवटा आणि डोळ्यांना चष्मा लावून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पाण्याचा धो धो वापर करण्याची गरज नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला पाण्याची इतकी टंचाई पडली की पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास मनाई होऊन पाच हजार रुपये दंड ठरवण्यात आला होता. एका तांब्याभर पाण्यात आणि दोन फडक्यांत हे काम होते. त्यानंतर तारेच्या ब्रशाने सुटा गंज खरवडावा आणि पॉलिश पेपरने कडा घासून घ्याव्यात. खडबडीत बिडाच्या खाचाखोचांतला प्रत्येक कण निघत नाही. पण जो पोपडा बोटाने सुटतो तो तरी उरता कामा नये.

घासून झाल्यावर तेलकटपणा काढण्यासाठी ब्रेक साफ करण्याचा जो खास द्रव मिळतो तोच वापरावा. जयचामराजेंद्र रस्त्यावर, ज्याला सारे शहर जे. सी. रोड म्हणते, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे. तेथे असा द्रव सहज मिळतो. रॉकेल किंवा डिझेल वापरण्याचा मोह टाळावा. ते वाळल्यावर तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते. पेट्रोल तर आगीला निमंत्रणच.

खाचांतल्या उरलेल्या गंजाचे काय करावे? त्यासाठी गंज बदलणारे लेप मिळतात, आणि त्यांचे रसायन मराठी घराला नवे नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपले पूर्वज काळी शाई करीत. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांचा संयोग होऊन जो काळा, न विरघळणारा पदार्थ बनतो तीच ती शाई. टॅनिक आम्लाचा लेप गंजावर लावला की तांबडा गंज असाच काळा पडतो आणि स्थिर होतो. दुसऱ्या प्रकारच्या लेपांत फॉस्फरिक आम्ल असते; ते लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर बसवते. दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ दीड हजारांहून अधिक वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुराचे प्रमाण पुष्कळ असून त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक पटल तयार झाले, असे कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेतले संशोधक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. गुप्तकाळातल्या त्या लोहाराला हे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण परिणाम सर्वांपुढे उभा आहे. मात्र असे लेप पातळ गंजावरच काम करतात. पोपड्यांवर ओतलेला लेप पोपड्यांबरोबरच गळून पडतो.

यानंतर रंग कोठे जाऊ नये याची तयारी करावयाची. चिकटपट्टी आणि कागद यांनी दट्ट्या व त्याचा टोप, सरकखिळ्यांचे रबरी टोप, पॅड, पॅडच्या खाचा, रबरी नळी, हवा काढण्याचा छोटा स्क्रू आणि तबकडी, एवढे सर्व झाकावे. कॅलिपर जेथे दुसऱ्या लोखंडाला बोल्टने आवळला जातो ते टेकणारे पृष्ठभागही कोरेच राहू द्यावेत. रंगाचा थर दोन लोखंडांच्या मध्ये आला तर तो तापून मऊ होतो, दबतो आणि बोल्टची पकड सैल करतो. तबकडीवर चुकून शिंतोडा उडालाच तर तो त्या साफ करण्याच्या द्रवाने लगेच पुसता येतो. पॅडने मात्र रंग किंवा तेल शोषले तर ते पुसण्याच्या फंदात न पडता त्या जोडीच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलावेत.

आता अस्तर. लोखंडी पुलांना पूर्वी शेंदरी अस्तर देत, ते खऱ्या शेंदराचेच असे. शेंदूर हे शिशाचे भस्म आहे आणि ते गंजाला उत्तम अटकाव करते. परंतु शिसे विषारी, म्हणून आता त्याच्या जागी जस्ताचे फॉस्फेट वापरतात. बाजारात ‘रेड ऑक्साइड’ म्हणून जे लाल अस्तर मिळते त्याची गंमत अशी की त्यातला रंग म्हणजे लोहाचेच भस्म, म्हणजेच आपला गेरू, गंजाचा सख्खा भाऊ. ज्या लोखंडाला आणखी गंजण्यासारखे काही उरलेले नाही, तेच दुसऱ्या लोखंडाची राखण करते. पण हे खिडकीच्या गजांचे अस्तर आहे. तापणाऱ्या कॅलिपरला ते पुरत नाही. त्याला उष्णता सोसणारे, वरच्या रंगाशी जुळणारे अस्तरच हवे. कित्येक कॅलिपररंग अस्तराशिवायच द्यावयाचे असतात. डब्यावरची सूचना त्या बाबतीत अंतिम मानावी. घासलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते. यास्तव सफाई आज आणि रंग पुढच्या रविवारी, अशी विभागणी करू नये.

वरचा रंग निवडताना दोन शत्रू ध्यानात ठेवावेत: उष्णता आणि ब्रेकचे तेल. शहरातल्या चालीने कॅलिपर फार तापत नाही, पण लांब उतारावर तबकडी काही शे अंशांपर्यंत जाते आणि ती आच कॅलिपरला लागते. घरातला साधा इनॅमल रंग तेथे पिवळा पडतो आणि तडकतो. उलट चुलीला किंवा धुराच्या नळीला देण्याचा सिलिकोनयुक्त रंग भट्टीसारख्या आचेवर पक्का व्हावा असा बनवलेला असतो. कॅलिपरला तेवढी आच सतत मिळत नाही, म्हणून तो कच्चाच राहतो आणि ब्रेकचे तेल त्याला विरघळवते. कॅलिपरसाठी म्हणून जे दोन भागांचे इपॉक्सी रंग मिळतात ते कुंचल्याने लावता येतात आणि तेलालाही टिकतात. दोन भाग एकत्र केल्यावर ते ठरावीक वेळातच संपवावे लागतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. जाड हात वरून वाळतो, आत ओला राहतो आणि त्याला ओघळ येतात. रंगाची वाफ डोक्यात जाते, म्हणून हे काम तळघरात न करता मोकळ्यावर करावे.

रंग लाल असावा की काळा, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. शर्यतीच्या मोटारींमुळे लाल कॅलिपर वेगाचे आणि बळाचे चिन्ह बनला आहे. परंतु लाल रंगाने मोटार एक वीतही अलीकडे थांबत नाही. काळ्या वा राखाडी रंगावर भुकटी कमी दिसते, फिकट रंगावर पाझरलेले तेल चटकन दिसते. निवड करावयाचीच तर या गोष्टींवरून करावी.

रंग डब्यावर सांगितला तितका वेळ वाळू द्यावा, चिकटपट्ट्या काढाव्यात आणि चाक बसवावे. नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत न्यावेत, मोटार खाली उतरवल्यावर पुस्तिकेत दिलेल्या जोराइतके घट्ट करावेत आणि शंभरएक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. यानंतरची एक गोष्ट कधीही विसरू नये. इंजिन सुरू करून, मोटार जागची हलवण्यापूर्वी, ब्रेकची पट्टी चारपाच वेळा दाबावी. काम करताना पॅड मागे ढकलले गेले असतील तर पहिल्या दाबाला पट्टी थेट तळाला जाते आणि ब्रेक लागतच नाही. ती टणक लागू लागली की तेलाच्या भांड्यातली पातळी पाहावी आणि मोकळ्या जागेत अगदी सावकाश चालवून ब्रेकची परीक्षा घ्यावी. पट्टी मऊच राहिली तर मोटार रस्त्यावर आणू नये.

एवढे करून झाले की कॅलिपर सुंदर दिसू लागतो, आणि याच क्षणी एक धोका असतो. सुंदर दिसणाऱ्या ब्रेकवर मनुष्य नकळत अधिक विसंबतो. ब्रेकच्या तेलाचा विचार केला म्हणजे हे विसंबणे किती पोकळ असते ते समजते. हे तेल हवेतली बाष्पे शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पाण्याचा ठरावीक अंश मिसळला की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. सुट्टीच्या दिवशी सूर्योदय पाहण्यासाठी बंगळूरहून पुष्कळ लोक नंदी टेकडीवर जातात. तिची उंची १,४७८ मीटर आहे. परतीच्या वळणावळणांच्या उतारावर जो सतत ब्रेकवर पाय ठेवून खाली येतो, त्याचे ब्रेक तापत जातात. जुने तेल अशा वेळी उकळले तर नळीत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पास्कालचा नियम तेथे थांबतो आणि पायाखालची पट्टी पोकळ होते. कॅलिपर तेव्हा लाल आहे की गंजका, याला काहीही महत्त्व उरत नाही. उतारावर खालचा गिअर घालून इंजिनाच्याच रोधाने उतरणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक मोटारींत दोनेक वर्षांनी, तेल बदलणे, हेच तेथे उपयोगी पडते.

रंगाला कमी लेखण्याचा याचा अर्थ नाही. नीट साफ केलेल्या बिडावर दिलेला चांगला रंग कित्येक पावसाळे ओलावा दूर ठेवतो, भुकटी सहज पुसली जाऊ देतो आणि बोल्ट व स्क्रू गंजात रुतून बसण्याचे टाळतो. पण रंग हा पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. ज्याला रोग जडलाच आहे त्याच्या दारावर पहारा बसवून तो बरा होत नाही. म्हणून ज्याने कॅलिपर रंगवला त्याने दर पावसाळ्यानंतर एकदा चाक काढून तो पाहण्याचा नेम ठेवावा. रंगाला कोठे फुगा आला आहे, कोठे तेलाचा ओघळ दिसतो, कोणता पॅड अधिक झिजला आहे, हे त्या दहा मिनिटांत कळते. चाकाआड जे चालले आहे ते बघण्याची ही सवय मालकाला लागली, तर एका रविवारचे श्रम आणि एक डबा रंग कारणी लागला असे समजावे.